येऊन राहिलो

‘मुंबई’ हा शब्द ढोकेबाबूंनी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल याला गणती नाही. रोज दुपारी तीननंतर पाकिटांचा ढीग समोर घेऊन ते बसत आणि प्रत्येकावर टाकाने लिहीत, सचिवालय, मुंबई. शेवटच्या ईला अशी शेपटी काढत की ती पाकिटाच्या कडेला जाऊन टेकायची. इतकं लिहून त्यांनी मुंबई पाहिली मात्र नव्हती. एकदाच पाहायला निघाले, तेव्हा ती त्यांना दाखवायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कितीही गोड लिहिलं तरी वाचणाऱ्याने ते लक्षात ठेवून वाचावं.

नत्थूजी ढोके हे त्यांचं पूर्ण नाव. नागपूरच्या एका सरकारी कचेरीत ते आवक-जावक कारकून होते. बाहेरून आलेला कागद त्यांच्या हातून आत जाई आणि आतला कागद त्यांच्याच हातून बाहेर पडे. दाराशेजारी त्यांचं टेबल, टेबलावर दोन जाड वह्या, शाईची गादी, शिक्के, आणि घरून कालवून आणलेली कणकेची खळ. सरकारी डिंकावर त्यांचा विश्वास नव्हता. शिक्का मारण्याआधी त्यावर ते फुंकर घालत, पोरांच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी. उजवा अंगठा कायम जांभळा.

माझा बाप गिरणीत होता. पगाराच्या दिवशी अंगठा उठवून घरी यायचा तेव्हा त्याचाही अंगठा तसाच असे. त्यामुळे पहिल्या दिवशी ढोकेबाबूंचा अंगठा पाहून मला जरा शरमच वाटली. मी बी.ए. होतो. आमच्या वस्तीतला पहिला. ज्या दसऱ्याला आमच्या घराने बौद्ध धर्म घेतला, त्याच वर्षीच्या दिवाळीला नागपूरची राजधानी गेली. आमच्या वस्तीत त्याचं कुणी सुतक धरलं नाही; आम्हाला त्या वर्षी मिळालं होतं ते गेलेल्याहून फार मोठं होतं. त्याच जोरावर मी शिकलो, आणि शिकल्याचा मला ताठा होता. तो अजून आहे, लपवत नाही. पण बी.ए. झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी आवक-जावकच्या टेबलावर मदतनीस म्हणून बसवलं, हे मला झोंबलं होतं.

ढोकेबाबूंनी माझा नेमणुकीचा कागद घेतला, उलटा केला, मागचा शिक्का पाहिला आणि मग सुलटा करून वाचला.

“बी.ए. आहेस का गा?”

“हो.”

“कागद हाती आला का पह्यले काय वाचतेस?”

“विषय.”

“झालं वाया बी.ए. तुह्यं,” ते म्हणाले. “अगोदर शिक्का वाचायचा. कुठून निघाला, कधी निघाला. मजकूर मंग. मजकुरात माणूस खोटं बोलू शकते, शिक्का नाही बोलत.”

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. ‘बी.ए.’ हेच माझं नाव झालं. “बी.ए., खळ आण गा.” “बी.ए., हे पाकीट वजनाले जास्त वाटून राहिलं, पाह्य कोणी आत काय कोंबलं.” कुणी ऐकलं तर चेष्टा वाटावी, पण त्या दोन अक्षरांत चेष्टा नव्हती हे मला लवकरच कळलं. दुपारी डबे उघडले तेव्हा त्यांनी माझ्या डब्यातली वांग्याची भाजी न विचारता उचलली आणि स्वतःच्या डब्यातला ठेचा माझ्या भाकरीवर ठेवला. मी कोणत्या वस्तीतून येतो हे त्यांना कागदावरून कळलं होतंच. ते न विचारणं मला पुरेसं होतं.

राजधानी गेली ती ढोकेबाबूंनी डोळ्यांनी पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, बांधून दिली होती. अर्ध्या फायली भोपाळला जायच्या, अर्ध्या मुंबईला. कचेरीच्या अंगणात दोन ढीग घातले होते. लाल कापडात बस्ते बांधायचं काम त्यांच्याकडे होतं.

“लोक म्हणतेत राजधानी गेली, राजधानी गेली,” ते सांगत. “मी पाह्यली ना जातानी. बैलबंडीत बसून ठेसनावर गेली. एक कपाट मुंबईले गेलं अन् त्याची किल्ली भोपाळले. दोन सरकारांत सा महिने पत्रं चालली त्या किल्लीवर. सगळी माह्याच हातून गेली. शेवटी मुंबईवाल्यानं कपाट फोडलं, त आत काय होतं मालूम आहे? दुसऱ्या कपाटाची किल्ली.”

ही गोष्ट शंभर टक्के खरी असेल असं मला वाटत नाही. पण ती सांगताना ते इतके गंभीर असत की हसायची हिंमत व्हायची नाही.

त्या वेळी सगळ्या कारकुनांना एक नमुना भरून द्यायचा होता. भोपाळ, मुंबई की नागपूर, आणि समोर कारण. ढोकेबाबूंनी ‘नागपूर’ लिहून कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘घरच्या विहिरीचे पाणी गोड आहे.’ नमुना परत आला; कारण योग्य नाही, पुन्हा सादर करावे. त्यांनी पुन्हा लिहिलं, ‘पाण्याची पुन्हा खात्री केली. गोडच आहे.’ मग कुणी काही विचारलं नाही. ते सक्करदऱ्याला तळ्याजवळच्या आपल्या दोन खोल्यांत राहिले ते राहिलेच. गाव त्यांचं नरखेडकडचं, भावाची संत्र्याची बाग होती. हिवाळ्यात गावाहून आले की कचेरीत प्रत्येकाच्या टेबलावर एकेक संत्रं ठेवत जायचे. साहेबाच्या आणि चपराशाच्या टेबलावरचं सारख्याच आकाराचं.

नागपूरविषयी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “आपलं शहर पेन्शनर आहे गा. रुबाब जुना, काम काही नाही. रस्ते रुंद, माणसं कमी. राजधानी होती तेव्हा साहेबाच्या गाड्याईले वाट देता देता जीव जाये. आता कुत्रं बी रस्त्याच्या मधात झोपते.”

आणि राजधानीविषयी दुसरं: “राजधानीत माणसाचा पत्ता मोठा असते, माणूस लहान.” हे ते पाकीट दाखवून सिद्ध करत. खेडेगावच्या माणसाचं पाकीट, नाव आणि गाव, दोन ओळी. मुंबईच्या माणसाचं, खोली, मजला, इमारत, गल्ली, नाका, विभाग. “पाह्य, नाव कुठं गेलं ते शोधा लागते.”

हिवाळ्यात अधिवेशनासाठी सरकार मुंबईहून नागपूरला येई. कचेरीच्या भिंतींना चुना लागे, खुर्च्यांना वेत. मुंबईचे कारकून मफलर गुंडाळून उतरत. ढोकेबाबू म्हणत, “आली पाखरं. तळ्यावर बी आली, कचेरीत बी आली.” हे मुंबईकर तसे वाईट नव्हते. हुशार होते, कामाला चटपटीत होते. पण आमचं बोलणं ऐकलं की त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागत.

एकदा दुपारी फोन वाजला. अधिवेशनासाठी आलेले मुंबईचे कुणी उपसचिव, पलीकडच्याच इमारतीतून. ढोकेबाबूंनी घेतला.

“साहेब जेवून राहिले,” ढोकेबाबू म्हणाले.

“जेवून कुठे राहिले?”

“कुठं नाही, इथंच जेवून राहिले.”

“म्हणजे आता ऑफिसात येणार नाहीत?”

“ऑफिसातच आहेत ना. जेवून राहिले म्हून थांबा म्हणतो.”

“अहो, राहिले की थांबले की आले?”

आमच्याकडे ‘जेवून राहिले’ म्हणजे जेवताहेत, जेवण चालू आहे. ‘येऊन राहिलो’ म्हणजे येतोय. पुण्यामुंबईकडे त्याचा अर्थ, येऊन मुक्काम केला. एवढाच फरक, पण त्यावर तो उपसचिव स्वतः धावत आमच्या कचेरीत आला, आणि आमचे साहेब हात पुसत समोर उभे. मग ते सबंध अधिवेशन मुंबईकरांना तेवढाच खेळ पुरला. येता जाता कुणीतरी विचारी, “काय ढोकेबाबू, चहा पिऊन राहिलात का?”

ढोकेबाबूंनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी बशी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, “हाव, पिऊन राहिलो. तुमी पिऊन जाता, आमी पिऊन राह्यतो. फरक हाच आहे साहेब.”

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मी त्याआधीचे दोन दिवसही हसत होतो, मुंबईकरांच्या बाजूला उभा राहून. ढोकेबाबूंनी ते पाहिलं होतं.

पुढे काही वर्षांनी मुंबईच्या सचिवालयात एक जागा निघाली आणि ती मला मिळण्यासारखी होती. जावं की नाही, माझा निर्णय होईना. बाप म्हणे जा, आई म्हणे कशाला. मी ढोकेबाबूंना विचारलं.

“मी पत्रं पाठवतो गा. पत्राले जाऊ का नोको असं मी विचारत नाही.”

“तरी सांगा.”

त्यांनी जुन्या वहीचा एक कोरा कागद काढला, मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं ‘आवक’, दुसऱ्या बाजूला ‘जावक’. “बोल. तिथं जाऊन काय येईन, इथून काय जाईन.”

मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. बढती, आवक. पोरांच्या शाळा, मोठी इस्पितळं, ग्रंथालयं, आवक. जागा एक खोलीची, पाणी पहाटे चार ते पाच, जावक. आईबाप इथे, जावक. तळ्याकाठची हवा त्यांनी स्वतःच जावकमध्ये घातली. मी काही बोललो नव्हतो. शेवटी मी जे मनात होतं ते बोललो. “ढोकेबाबू, तिथं कोणी कोणाले विचारत नाही. कुठचा, कोणाचा, कोणत्या वस्तीतला. मले ते पाह्यजे.”

त्यांनी टाक उचलला आणि आवकच्या बाजूला लिहिलं, ‘कोणी कोणाले विचारत नाही.’ मग टाक पुन्हा शाईत बुडवून तेच वाक्य, जसंच्या तसं, जावकच्या बाजूलाही उतरवलं.

“दोन्हीकडे कसं?”

“एकाच कागदाची नोंद दोन्ही वह्यांत होते ना कधी कधी. आलेला बी तोच अन् गेलेला बी तोच.” कागद घडी करून त्यांनी माझ्या खिशात घातला. “जा तू. तुले जायलेच पाह्यजे. मी तुह्या जागी असतो त मी बी गेलो असतो. फक्त एक कर, मी आलो का मले ते दाखव, आपली पाकिटं कुठं जाऊन पडतेत ते. कोणती खोली, कोण फोडते, फोडल्यावर काय करते. एवढं एक पाहाचं आहे मले.”

“तुम्ही फक्त कळवा, मी ठेसनावर उभा राहीन.”

हे माझे शब्द. कुणी वदवून घेतले नव्हते.

मुंबईने मला जे दिलं ते मी नाकारणार नाही. आजकाल मुंबईला शिव्या देऊन गावाचे गोडवे गायची पद्धत पडली आहे. ती मला जमत नाही. नागपुरात माझ्या बापाला मी नोकरीला लागल्यावरही भाड्याने खोली मिळताना आडनाव सांगावं लागलं होतं. मुंबईत मालकाने आगाऊ भाडं घेतलं आणि किल्ली दिली, बस. माझ्या मुलांना शाळेत कुणी वेगळं बसवलं नाही. मी परीक्षा देत गेलो, वर चढत गेलो. माझ्या टिपणीत वरच्याला कधी काना-मात्रा बदलावी लागत नसे. नव्या लोकांना मसुदा लिहायला शिकवायचं तर माझ्याकडे पाठवत. सचिवालयाचं मंत्रालय झालं, मी कक्ष अधिकारी झालो.

पण भाषा कशी गेली ते मला आठवतं. पहिल्यांदा ‘गा’ गेला. मग ‘मले, तुले’ गेलं. त्याला एक वर्ष लागलं. ‘काहून’ बराच चिवट निघाला, रागाच्या वेळी तोंडातून निसटायचा. ‘करून राहिलो’ सगळ्यांत शेवटी गेलं, आणि ते गेलं त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. शेजारच्या टेबलावर सावंत म्हणून होते. ते म्हणाले, “तुम्ही नागपूरचे? वाटत नाही हो.” मी हे घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगितलं. ती वर्ध्याची. तिने ताट वाढायला घेतलं.

ढोकेबाबूंचं पोस्टकार्ड वर्षातून दोनदा येई, आणि येई ते माझ्या कचेरीच्या पत्त्यावर. तो एकच पत्ता त्यांना पाठ होता. कार्डावर ते कधी तारीख घालत नसत. ‘तारीख शिक्क्यावर असते, मी कायले लिहू,’ हा त्यांचा नियम. मजकूर पाच ओळींचा. तळ्यावर पाखरं आली, साहेब बदलला, खळीला कीड लागली, तू कसा आहेस बी.ए. मी दोन कार्डांना मिळून एक उत्तर पाठवी. पुढे पुढे तेही राहून जाऊ लागलं.

सत्तरचं दशक संपायला आलं होतं. एका शनिवारी दुपारी सावंतांनी टपालातून एक कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. “तुमचं दिसतंय. अक्षर काय आहे हो.” ईची शेपटी कडेपर्यंत गेलेली होती.

कार्डात लिहिलं होतं: ‘बी.ए.ले आशीर्वाद. पेन्शन झाली. म्हटलं आता एकदा पाहून घ्यावं आपली पाकिटं कुठं जातेत. मंगळवारी सकाळच्या गाडीनं मुंबईले येऊन राहिलो. सोबत संत्रे आहेत. भेट होईनच. नत्थू ढोके.’

सावंतांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. “मंगळवारी येऊन राहिले? आणि आज शनिवार. राहिलेत कुठे पण?”

मी म्हणालो, “असतील कुणा नातेवाइकाकडे. येतील भेटायला.”

आता इथे नीट लिहायला हवं, कारण पुढे कित्येक वर्षं मी हे लोकांना वेगळं सांगत आलो. मी सांगायचो की माझी भाषा इतकी बदलली होती की माझ्याच माणसाचं वाक्य मला कळलं नाही. हे ऐकून लोक हळहळत. मुंबई माणसाला कशी बदलते वगैरे म्हणत. ती हळहळ मी घेतलेली आहे.

पहिल्या वाचनात मी खरोखरच चुकलो. तेवढं खरं. ‘येऊन राहिलो’ म्हणजे येऊन मुक्काम केला, असंच मी वाचलं. पण संध्याकाळी कार्ड खिशात ठेवण्यासाठी उचललं तेव्हा हाताने सवयीने ते उलटं केलं. शिक्का नागपूरचा होता. गुरुवारचा. जो माणूस गुरुवारी नागपुरात कार्ड टाकतो तो आधीच्या मंगळवारी मुंबईत येऊन राहिलेला असू शकत नाही. तो येणाऱ्या मंगळवारी येणार होता. अगोदर शिक्का वाचायचा, मजकूर मंग. मला सगळं कळलं, तिथेच, उभ्या उभ्या. चूक एका दुपारची होती. बाकीचं मी केलं.

का केलं ते सांगतो. मंगळवारी माझ्याकडे नव्या लोकांचा मसुदालेखनाचा वर्ग होता. त्या वर्गात, त्या खोलीत, धोतर आणि बंद गळ्याचा कोट घातलेले ढोकेबाबू संत्र्यांची करंडी घेऊन येणार, जांभळा अंगठा दाखवत “का गा बी.ए.” म्हणणार, आणि सावंत ते ऐकणार. मला दहा वर्षं लागली होती सावंतांकडून ‘वाटत नाही हो’ ऐकायला. त्यापलीकडे काही कारण नव्हतं. रजा मिळाली असती. बोरीबंदर माझ्या कचेरीपासून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर.

रविवार गेला, सोमवार गेला. मी स्वतःला समजावलं की आपण जे पहिल्यांदा वाचलं तेच बरोबर असेल. मंगळवारी मी वर्ग घेतला. क्रियापदांची रूपं शिकवली. अकरा वाजता चहा आला, एक वाजता डबा उघडला. त्यांना पत्ता पाठ होता, येतील चालत, असंही मनात आलं आणि त्याने आणखी भीती वाटली. दर वेळी दार उघडलं की मी मान खाली घालून लिहीत होतो. ते आले नाहीत.

कचेरी सुटल्यावर मात्र मी बोरीबंदरला गेलो. का गेलो ते विचारू नका. फलाटावर उभ्या असलेल्या एका हमालाला विचारलं, धोतरातला, करंडी घेतलेला, बुटका म्हातारा पाहिला का. तो म्हणाला, “साहेब, इथे सकाळपासून हजार माणसं उभी राहतात. कुणाला कोण विचारतं?”

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. अक्षर तेच होतं, पण मजकूर वाचून मी दोनदा सही पाहिली.

‘महोदय, सप्रेम नमस्कार. मंगळवारी मी मुंबईस आलो होतो. आपण याल म्हणून स्थानकातील घड्याळाखाली थांबलो होतो. तेथून हललो असतो तर आपली चुकामूक झाली असती. सायंकाळच्या गाडीने परत आलो. घेणारा भेटला नाही म्हणजे पाकीट परत, हा नियमच आहे. नंतर माझ्या लक्षात आले की चूक माझी आहे. “येऊन राहिलो” असे न लिहिता “येत आहे” असे लिहावयास हवे होते. आपल्याला अर्थ लागला नसेल. यापुढे शुद्ध लिहीन. संत्री गाडीत वाटून टाकली.’

‘संत्री’ लिहिलं होतं. जन्मभर तो माणूस ‘संत्रे’ म्हणत आला होता.

मी उत्तर लिहायला बसलो. ‘चूक तुमची नाही’ एवढं लिहिलं की पुढे कुणाची ते लिहावं लागणार होतं. उत्तर गेलं नाही.

पाच-सहा वर्षांनी अधिवेशनासाठी माझी नागपूरला ड्यूटी लागली. तोवर मी दर वेळी ती टाळली होती. मफलर घालून उतरणाऱ्यांत आता मी होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सायकलरिक्षा करून सक्करदऱ्याला गेलो. ढोकेबाबू अंगणात उन्हाला बाजेवर बसले होते. अंगठा पांढरा होता, धुऊन निघाल्यासारखा. तोच मला आधी दिसला.

“या साहेब,” ते उठायला लागले. “आपण कधी आलात? प्रवास सुखाचा झाला ना?”

त्यांची सून शांता दारात उभी होती. ती म्हणाली, “मामंजी असेच बोलतेत आता. शाळेच्या पुस्तकावानी. पोट्टे हसतेत घरात. पाच-सा वर्षं झाली, आमच्या संगबी असंच. म्हणतेत, आपलं बोलणं लोकाले समजत नाही.”

“शांता, पाहुण्यांना पाणी आणावे,” ढोकेबाबू म्हणाले.

मी म्हणालो, “काहून गा ढोकेबाबू, असं काय बोलून राहिले?” माझ्या तोंडून ते इतकं परकं निघालं की नक्कल केल्यासारखं वाटलं. ते नुसते हसले. अधिवेशनात मुंबईकरांकडे पाहून हसायचे तसे.

पाणी प्यालो. विहिरीचंच होतं, गोड होतं. तांब्या खाली ठेवला आणि ठरवलं नव्हतं ते बोललो. “ढोकेबाबू, ते कार्ड. मला अर्थ लागला होता.”

त्यांनी रिकामा तांब्या बाजेखाली सरकवला.

“शनिवारीच लागला होता. मंगळवारी तुम्ही याल हे मला ठाऊक होतं. मी आलो नाही.”

त्यांनी तळ्याकडे पाहिलं. बरीच पाखरं उतरली होती त्या वर्षी. मग त्यांनी अगदी कारकुनी आवाजात विचारलं, “शिक्का वाचला होता?”

“हो.”

“गुरुवारचा होता.”

“हो.”

मला वाटलं ते आता रागावतील. मी त्यासाठीच आलो होतो बहुधा. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते रागाचं नव्हतं. हरवलेला कागद योग्य बस्त्यात सापडला की त्यांचा चेहरा असा होत असे. ते बाजेवर नीट सरकून बसले.

“मंग माहं लिहिणं बरोबर होतं,” ते म्हणाले. “मी म्हणो, एवढा बी.ए. झालेला माणूस, त्याले समजलं नाही म्हंजे आपलीच भाषा खोटी. सा वर्षं झाली मले, नातवाईसंग बी धड बोललो नाही मी.” मग शांताकडे वळून, “आयकलं का वं? माहं बरोबर होतं.”

माझ्याविषयी ते काही बोलले नाहीत. माफ केलं म्हणाले नाहीत, केलं नाही असंही नाही. मी तिथे बसलो होतो त्या तासाभरात त्यांनी मला मुंबईचं, पाकिटांचं, खोलीचं काहीच विचारलं नाही. इतर सगळं बोलले. नरखेडची बाग, भावाचा नवा पंप, आणि कपाटाच्या किल्लीची ती गोष्ट. गोष्ट सांगताना हात पूर्वीसारखेच हलत होते. एकदा बोलता बोलता मी म्हणालो, “या एकदा मुंबईला, मी स्वतः घ्यायला येईन.” त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि नातवाला हाक मारली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा मी निघालो. ते फाटकापर्यंत आले. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. रिक्षा वळली तेव्हा मी मागे पाहिलं. ते फाटकाला धरून उभे होते आणि घराकडे तोंड करून सुनेला मोठ्याने सांगत होते, पूर्वीच्या आवाजात, पूर्वीच्या बोलीत:

“शांता, संत्रे राह्यले ना द्याचे. धाव वं. साहेब जाऊन राहिले.”

बी.ए. म्हणाले नाहीत. आणि नागपुरात त्या वाक्याचा अर्थ एकच होतो. मला मात्र दोन्ही ऐकू आले: साहेब निघालेत, आणि साहेब गेले ते तिकडेच राहिले.